झाडावर कोरलेली नावं

प्रस्तावना

आफ्रिकेतला मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या रोजनिश्यांचा ग्रंथ मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझ्या मनात नाशिक नव्हतं. मनात होते अब्दुलरझाक गुर्ना. २०२१ चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं आणि त्या निमित्ताने त्यांची १९९४ ची ‘पॅरडाइज’ ही कादंबरी मी वाचली. बापाच्या कर्जापायी एका व्यापाऱ्याकडे गहाण पडलेला युसुफ नावाचा मुलगा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तांड्याबरोबर आतल्या मुलखात जातो, त्याची ही गोष्ट. गुर्ना १९४८ साली झांझिबारमध्ये जन्मले, १९६४ च्या क्रांतीनंतर तिथे जी दहशत पसरली तिच्यामुळे तरुणपणीच इंग्लंडला गेले आणि जन्मभर त्या सुटलेल्या किनाऱ्याविषयी लिहीत राहिले. ते तांडे खरोखर कसे चालायचे, ओझी कशी बांधायचे, मुक्काम कुठे पडायचा, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून लिव्हिंग्स्टन. आणि आजच्या झांबियातल्या दलदलीचं वर्णन चाललेलं असताना मध्येच ‘नासिकची मुलं’ असे शब्द आले. मी चार पानं मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. पुन्हा तेच शब्द. नाशिकपासून चाळीस मैलांवर, चांदवडला माझ्या घरी बसून मी हे वाचत होतो.

त्या दोन शब्दांच्या मागे चालत गेलो, त्यातून हे पुस्तक झालं. त्याचा नायक जेकब वेनराइट. जन्माने आफ्रिकेतला याओ जमातीचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, इंग्रजी आरमाराने सोडवलेला आणि नाशिकच्या शरणपुरात वाढलेला. त्याने कादंबरी लिहिली नाही, कविता लिहिली नाही. त्याच्या नावावर आहेत एक रोजनिशी, सामानाची एक यादी आणि झाडाच्या खोडावर कोरलेल्या काही ओळी. एवढ्यावर कोणाला लेखक म्हणावं का, असं मला दोन-तीन मित्रांनी विचारलं. मी म्हणतो, म्हणावं. देश सुटलेल्या आफ्रिकी लेखकांची नावं घेताना आपण गुर्नांपासून सुरुवात करतो, फार तर न्गुगी वा थिओंगोंपर्यंत मागे जातो. त्यांच्याही शंभर वर्षं आधी, आईबापांनी दिलेली भाषा आणि घर दोन्ही हरवलेला एक विशीच्या आसपासचा तरुण एका परक्या भाषेत, परक्या माणसाच्या मरणाविषयी, स्वतःच्या खंडाच्या मध्यभागी बसून लिहीत होता. आणि ते लिहिणं तो आपल्या जिल्ह्यात शिकला होता.

नाशिकला वनवास नवा नाही. पंचवटीची सगळी कथाच मुळी राज्य सोडून आलेल्या तिघांची. अलीकडच्या काळात भगूरचे सावरकर १९११ मध्ये अंदमानला गेले, त्यांनी पुढे कविताही लिहिल्या नि कादंबऱ्याही. इथून कोण कुठे हद्दपार झालं ते आपल्याला तोंडपाठ आहे. पण हद्दपार होऊन इथे कोण आलं, हे आपण कधी मोजलेलं नाही.

आफ्रिकेतून आणलेली माणसं महाराष्ट्राला अनोळखी नव्हती. मलिक अंबर हबसाणातून विकला जात जात अहमदनगरपर्यंत आला आणि १६२६ मध्ये मेला तेव्हा निजामशाहीचा सर्वेसर्वा होता. जंजिऱ्याच्या सिद्दींना तर मराठ्यांच्या इतिहासातून वगळताच येत नाही. पण ही माणसं तलवारीच्या जोरावर वर आली. शरणपूरच्या मुलांच्या हातात पाटी होती, रंधा होता, घण होता. त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि बखरींमध्ये ती येण्याचं काही कारणच नव्हतं.

ती अशी सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झांझिबार हा हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराचा सर्वांत मोठा बाजार होता. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांवर धाडी पडायच्या. धरलेल्या माणसांना मानेत लाकडी बेचकं अडकवून किनाऱ्यापर्यंत चालवत आणायचे, तिथून गलबतांत कोंबून अरबस्तान नि इराणी आखाताकडे. इंग्रजांची जहाजं ही गलबतं पकडायची. पकडल्यावर प्रश्न उभा राहायचा की सुटलेल्या माणसांचं करायचं काय. परत किनाऱ्यावर सोडली तर आठ दिवसांत पुन्हा धरली जायची. म्हणून त्यांना एडनला, सेशेल्सला, मुंबईला उतरवत. मुंबईत उतरवलेल्यांपैकी मोठी माणसं गोदीत नि जहाजांवर कामाला लागायची. लहान मुलं मिशनऱ्यांच्या हवाली केली जायची.

चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या वेशीबाहेर १८५० च्या दशकात एक ख्रिस्ती वसाहत वसवली होती. विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याचा त्यात मोठा वाटा. तिला नाव दिलं शरणपूर. या नावाचं मला फार अप्रूप वाटतं. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ख्रिस्ताला शरण जाणं असणार, पण मराठी कानाला त्यात ‘आसरा’ही ऐकू येतो. इथेच पुढे आफ्रिकी मुलांचा आश्रम आला. मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे, लिहायला-वाचायला आणि प्रार्थना म्हणायला शिकवायचे. नवी नावं द्यायचे, इंग्रजी नावं. मॅथ्यू वेलिंग्टन हा त्यांतलाच एक. त्याचं मूळ नाव चेंग्विंबे होतं.

आज नाशिकमध्ये शरणपूर रोड म्हटलं की डोळ्यांसमोर दुकानं येतात, दवाखाने येतात, गाडी लावायला जागा न मिळणं येतं. चांदवडहून आठवड्याला शेकडो माणसं कामासाठी तिकडे जातात. मीही तीस वर्षं जातो आहे. त्या रस्त्याच्या नावातलं ‘शरण’ कोणाचं होतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही झांबियातून.

लिव्हिंग्स्टनचा मुंबईशी संबंध कसा आला ते थोडक्यात सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला तो ठाऊक असण्याचं कारण नाही. १८६४ मध्ये ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट विकायची म्हणून तो ती झांझिबारहून स्वतः हाकत मुंबईला आला. पावसाळा तोंडावर, बोट नदी-सरोवरांतली, खलाशी मूठभर. पंचेचाळीस दिवसांत समुद्र ओलांडला. बरोबर चुमा आणि वेकाटानी ही गुलामगिरीतून सोडवलेली दोन याओ मुलं होती. त्यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शाळेत ठेवलं. हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाने गिरगावात कॉलेज उभं आहे तेच. पुढल्या वर्षी लिव्हिंग्स्टन परत आला. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा बार्टल फ्रियर. त्याने मदत केली, मुंबईच्या फौजेतले शिपाई दिले, आणि लिव्हिंग्स्टनने नाशिकच्या शाळेतून नऊ मुलं बरोबर घेतली. १८६६ च्या सुरुवातीला हा तांडा झांझिबारला उतरला. त्यात उंट होते, खेचरं होती आणि इथून नेलेल्या म्हशीही होत्या. तिकडच्या त्से-त्से माशीला आपली जनावरं पुरून उरतात का, ते त्याला पाहायचं होतं. ती बिचारी जनावरं एकेक करून मेली. शिपाई कंटाळून परत फिरले. नाशिकच्या नऊ मुलांपैकी काही मेली, काही वाटेत थांबली, काही सोडून गेली. सात वर्षांनी, लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या रात्री, त्या नवांपैकी एडवर्ड गार्डनर आणि नथानिएल कुंबा, म्हणजे माब्रुकी, हे दोघे तिथे होते.

जेकब त्या पहिल्या नवांत नव्हता. तो गेला १८७२ मध्ये. लिव्हिंग्स्टनचा पत्ता लागत नव्हता, म्हणून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मदतीची मोहीम काढली. तिच्यासाठी नाशिकचे सहा तरुण निवडले गेले: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन. मोहीम किनाऱ्यावरून आत निघते तोच पत्रकार स्टॅनली लिव्हिंग्स्टनला भेटून परत आला. मोहीम बारगळली. पण लिव्हिंग्स्टनला माणसं हवी होती. स्टॅनलीने पन्नासहून अधिक माणसं जमवून आत पाठवली, त्यांत हे सहाही गेले. ऑगस्ट १८७२ मध्ये ते उन्यान्येंबेला त्याच्यापर्यंत पोचले.

म्हणजे जेकबला लिव्हिंग्स्टनचा सहवास जेमतेम आठ-नऊ महिन्यांचा. सुसी आणि चुमा त्याच्याबरोबर कितीतरी वर्षं होते. ते तांड्याचे खरे नायक, वाटा माहीत असलेले, माणसं सांभाळणारे. जेकब नवखा, शाळेत शिकलेला, प्रार्थनेचं पुस्तक बाळगणारा. मुरलेल्या माणसांमध्ये असा पोरगा आला की काय होतं ते आपण आपल्या गावांत पाहतो. त्याला थोडं टाळतात आणि अर्ज लिहायची वेळ आली की त्यालाच बोलावतात. चितांबोच्या गावात तेच झालं.

बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेला, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावाजवळ एका गवती झोपडीत लिव्हिंग्स्टन मेला. गुडघे टेकून, बिछान्यावर डोकं ठेवून तो गेलेला सापडला. पहाट झाल्यावर सुसी-चुमांनी सगळ्यांना गोळा केलं आणि त्याच्या पेट्या सगळ्यांच्या देखत उघडायचं ठरवलं, पुढे कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून. यादी करायला सांगितलं जेकबला. त्याने ती लिव्हिंग्स्टनच्याच वहीत, शिल्लक राहिलेल्या पानांवर केली.

ही यादी मी किती वेळा वाचली असेल. एका पेटीत सुमारे दीड शिलिंग. दुसरीत हॅट, एक घड्याळ, मोजमापाच्या उपकरणांच्या दोन छोट्या डब्या. एक होकायंत्र. मोजमापाची आणखी वेगळ्या प्रकारची तीन उपकरणं. आणखी वेगळ्या प्रकारची चार. सेक्स्टंट, क्रोनोमीटर ही नावं जेकबला येत नव्हती, म्हणून त्याने अंदाजाने काही लिहिलं नाही. जे कळत होतं तेवढंच लिहिलं: मोजायचं काहीतरी आहे, आधीच्यापेक्षा वेगळं आहे, इतके नग आहेत. याच यादीत शेवटी औषधी वजनाची मापं मात्र अचूक नावानिशी येतात, ड्राम आणि स्क्रुपल. मला वाटतं, ही शाळेतल्या कोष्टकांची करामत. आपल्याकडे पावकी-निमकी घोकून घेत, तशी ही कोष्टकं त्याच्याकडून कोणीतरी घोकून घेतली असणार. एका जगप्रसिद्ध माणसाची सगळी मिळकत आफ्रिकेच्या रानात मांडली जाते आहे आणि ती लिहून घेणारा नाशिकच्या शाळेतला शब्द न शब्द वापरतो आहे. ज्याला मी लेखक म्हणतो तो मला या यादीत पहिल्यांदा दिसला. माहीत नसलेल्या वस्तूला खोटं नाव न देणं, हे लिहिणाऱ्याचं पहिलं इमान आहे.

या यादीवर तारीख आहे २८ एप्रिल. इतिहासात लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची रूढ झालेली तारीख आहे १ मे १८७३. जेकबने झाडावर कोरली ४ मे. या तीन तारखांवरून त्याला निष्काळजी ठरवणारे झाले आहेत. पण विचार करा. तांड्यात दिवस मोजणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या वहीतली शेवटची नोंद २७ एप्रिलची. त्यानंतर दिवस कोण मोजणार? ताप, पाऊस, दलदल, आणि मग मरण. दिनदर्शिका ज्याच्या हातात होती तोच गेला, तेव्हा जेकबने ती उचलली आणि चुकत-माकत पुढे चालू ठेवली. त्या तीन तारखांमध्ये मला दिसतं ते हे काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बसलेले हिसके.

पुढे जे झालं ते ऐकून अजूनही अंगावर काटा येतो. प्रेत इंग्लंडला पोचवायचं, असं या साठेक माणसांनी ठरवलं. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. वरचा साहेब मैलोन्‌ मैल कोणी नव्हता. तिथेच पुरून आपापल्या गावी निघून गेले असते तर कोणी जाब विचारला नसता. फरिजाला नावाचा एकजण पूर्वी झांझिबारला डॉक्टरकडे नोकर होता, त्याने आणि नाशिकच्या कॅरस फरारने मिळून शरीर उघडलं, काळीज आणि आतडी बाहेर काढली. ती एका पत्र्याच्या डब्यात घालून मोठ्या झाडाखाली पुरली. जेकबने त्यावर प्रार्थना म्हटली. शरीराला मीठ लावून, ब्रँडी लावून दोन आठवडे उन्हात वाळवलं. मग कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवलं, वरून शिडाचं कापड शिवून घेतलं, डांबर फासलं आणि एका दांडक्याला बांधलं. दोघांनी खांद्यावर घ्यायचं, दमले की पुढच्या दोघांनी.

आपल्याकडे ‘खांदा देणं’ म्हणतात ते फार तर गावकुसापासून स्मशानापर्यंत. यांनी दिलेला खांदा नऊ महिन्यांचा, हजार मैलांहून लांब. सुरुवातीलाच सगळे तापाने लोळले नि महिनाभर थांबावं लागलं. लुआपुला नदी ओलांडली. एका गावाशी लढाई झाली. ऑक्टोबरमध्ये उन्यान्येंबेला पोचले तेव्हा तिथे लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. तो गोरा, अधिकारी, आणि म्हणाला की इथेच पुरा. या माणसांनी त्याला नकार दिला. १८७३ सालात, काळ्या भारवाहूंनी गोऱ्या अधिकाऱ्याला. पुढच्या मुलखात प्रेत नेऊ देणार नाहीत असं कळलं तेव्हा त्यांनी काड्या-धाटं कापडात गुंडाळून एक खोटं प्रेत तयार केलं आणि काहीजणांनी ते मागे परत नेत असल्याचं सोंग करून रानात टाकून दिलं. खरं प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून किनाऱ्याकडे निघालं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला समुद्रापाशी पोचले.

हे वाचताना मला रामकुंड आठवल्याशिवाय राहत नाही. मुलूखभरातून माणसं आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन नाशिकला येतात. रेल्वे व्हायच्या आधी तर आठ-आठ दिवस चालत येत. जेकब ज्या गावात वाढला तिथे हे रोजचं दृश्य होतं. त्याने ते पाहिलं आणि पुढे तसंच वागला, असं मी म्हणणार नाही. बरोबरच्या बहुतेकांनी नाशिक पाहिलंही नव्हतं आणि निर्धार त्यांचाही तेवढाच होता. पण मेलेल्या माणसाला त्याच्या ठिकाणी पोचवायचं असतं, ही गोष्ट त्याला इंग्रजी प्रार्थनेच्या पुस्तकातूनच कळली असेल, असंही मला वाटत नाही.

या सगळ्या काळात जेकब रोजनिशी लिहीत होता. ४ मे १८७३ पासून १८ फेब्रुवारी १८७४ पर्यंत. तिचं पहिलं प्रकाशन झालं ते इंग्रजीत नाही, मराठीत तर नाहीच, जर्मन भाषेत. गोथा इथून ऑगस्ट पेटरमान भूगोलाचं एक नावाजलेलं नियतकालिक चालवायचा, त्यात १८७४ साली. मूळ इंग्रजी हस्तलिखित स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरला, लिव्हिंग्स्टनच्या जन्मघरातल्या संग्रहालयात आहे, आणि अलीकडच्या वर्षांत ते जगासमोर आलं आहे. कॅरस फरारनेही आपली हकीकत लिहिली होती; ती १९५० मध्ये युगांडातल्या एका संशोधन-नियतकालिकात छापली गेली. म्हणजे या ऐतिहासिक मरणाच्या आफ्रिकी माणसांनी लिहिलेल्या दोन्ही साक्षी नाशिकच्या शाळेत शिकलेल्या हातांच्या आहेत. सुसी-चुमांच्या आठवणी लिव्हिंग्स्टनच्या रोजनिश्यांचा संपादक होरेस वॉलर याने विचारून घेतल्या आणि स्वतः लिहिल्या. जेकब नि कॅरस यांचं मात्र कोणाला विचारून लिहून घ्यावं लागलं नाही.

आता झाडाकडे येतो. ज्या झाडाखाली काळीज पुरलं त्याच्या खोडावर जेकबने लेख कोरला. लिव्हिंग्स्टनचं नाव, ४ मे १८७३ ही तारीख, आणि त्याखाली तीन नावं: याझुझा, म्नियासेरे, व्चोपेरे. ही तांड्यातल्या माणसांची नावं आहेत. शरणपूरला दिलेल्या इंग्रजी नावांसारखी नाहीत, घरची नावं आहेत. खोडावर जागा किती असते, ओल्या लाकडात सुरी किती चालते, हे ज्याने कोरून पाहिलं आहे त्याला ठाऊक. एकेका अक्षराला कष्ट पडतात. तेवढ्या कष्टात जेकबने तीन आफ्रिकी नावं बसवली. स्वतःचं कोरलं नाही.

१५ एप्रिल १८७४ ला जहाज साउथॅम्प्टनला लागलं. तांड्यातला बरोबर होता एकटा जेकब. त्याच्या भाड्याचे पैसे चर्च मिशनरी सोसायटीने भरले होते. सुसी आणि चुमा यांच्यासाठी तेव्हा कोणी भरले नाहीत, ते नंतर, अंत्यविधी उरकल्यावर इंग्लंडला पोचले. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत स्टॅनली होता, झांझिबारमधला इंग्रजांचा वकील जॉन कर्क होता आणि जेकब होता. तिथल्या शिळेवर लिहिलं आहे की विश्वासू हातांनी जमिनीवरून नि समुद्रावरून आणलेला हा देह आहे. कोणाचे हात, ते लिहिलेलं नाही. शहाण्यासुरत्या, पैसेवाल्या, मोठ्या राष्ट्राने संगमरवरात भरपूर जागा असताना हातांना नावं दिली नाहीत. आणि शरणपूरच्या एका पोराने रानात, चाकूने, तीन नावं दिली. या पुस्तकाचा सगळा जीव या दोन लेखांमधल्या अंतरात आहे.

विश्वासू हा शब्द या माणसांना पुढे चिकटला तो कायमचा. जिऑग्राफिकल सोसायटीने साठ पदकं पाडली, त्यांवरही तोच भाव. मला हा शब्द पुरेसा वाटत नाही. विश्वासू असतो तो सांगितलेलं काम करणारा. इथे सांगणारा मेलेला होता.

इंग्लंडमध्ये काही महिने जेकबचं कौतुक झालं. फोटो काढले, सभा भरवल्या. त्या वर्षअखेरीस तो प्राइसबरोबर आफ्रिकेला परतला. बार्टल फ्रियरच्या वाटाघाटींनंतर जून १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला होता आणि मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी नवी वसाहत उभी राहत होती, फ्रीरटाऊन. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम उठून तिकडे गेला. नाशिकहून गेलेल्या या लोकांना तिथे ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणायचे. आफ्रिकेत ते मुंबईचे, मुंबईत ते हबशी. याहून नेमकी परागंदा माणसाची व्याख्या मला सापडलेली नाही. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने पाद्रीपणाची पहिली दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला तेव्हा उरलेल्या माणसांना घेऊन किनाऱ्यावर परत आला तो हा शरणपूरचा विल्यम जोन्स. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. जेकबचं मात्र कुठेच बस्तान बसलं नाही. मिशनशी फार काळ पटलं नाही. १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे तो वारला. १८७४ नंतरची त्याची अठरा वर्षं मी एका प्रकरणात सांगितली आहेत, कारण त्यांत प्रकाश कमी आहे आणि कल्पनेने तो भरायचा नाही असं मी ठरवलं होतं.

तो हक्क कादंबरीकाराचा. झिंबाब्वेच्या पेटिना गापा यांनी २०१९ मध्ये या प्रेतयात्रेवर मोठी कादंबरी लिहिली. तिचे निवेदक दोन: हलिमा ही स्वयंपाकीण आणि जेकब वेनराइट. हलिमा त्यांनी अशी उभी केली आहे की पुस्तक मिटल्यावरही तिचं बोलणं कानात राहतं. जेकबशी मात्र माझं भांडण आहे. त्यांचा जेकब अहंमन्य आहे, उठता-बसता धर्म सांगणारा, इंग्रजीच्या मोठ्या शब्दांत अडकलेला. तो तसा असेलही. त्याला पाहिलेल्या काही मिशनऱ्यांचंही मत बरं नव्हतं. पण स्वतःचं गाव, आई, नाव, भाषा सगळं गेल्यावर एका मुलाच्या हाती एकच वस्तू आली, अक्षर. ती त्याने घट्ट धरली, मिरवली, तर त्याला गर्विष्ठ म्हणताना माझी जीभ अडखळते. मी तीस वर्षं चांदवडच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. कांद्याच्या शेतातून थेट वर्गात आलेला मुलगा पहिल्यांदा एक अख्खं इंग्रजी वाक्य बिनचूक बोलतो तेव्हा त्याचे खांदे कसे वर होतात, ते मी पाहिलं आहे.

याच जोडीला मला नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्याही ख्रिस्ती झाल्या, त्याही परिस्थितीने घरापासून तुटल्या, त्यांचंही शिक्षण यथातथाच. पण ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना आईच्या तोंडची मराठी त्यांच्यापाशी होती. त्यामुळे रडणं आणि हसणं एकाच वाक्यात मांडता आलं. जेकबजवळ ती सोय नव्हती. याओ बोली लहानपणीच मागे पडली, नाशिकमध्ये कानावर पडलेली भाषा लिहायची भाषा झाली नाही, आणि जी लिहायला आली ती मालकाची. त्याची रोजनिशी कोरडी आहे अशी तक्रार करणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. कोरडेपणा हा त्याचा स्वभाव नसेल, त्याच्याजवळच्या भाषेत त्याला ओलावा देणारं माणूसच कधी भेटलं नसेल.

तो ओलावा पुढच्या पिढीच्या वाट्याला आला. फ्रीरटाऊनच्या सुटलेल्या गुलामांच्या घरात वाढलेल्या जेम्स म्बोतेला यांनी १९३४ मध्ये ‘उहुरू वा वातुम्वा’, म्हणजे ‘गुलामांची मुक्ती’, हे पुस्तक लिहिलं. स्वाहिलीत. त्या भाषेतल्या गद्यकथेच्या आरंभकाळात ते मोजलं जातं. हे पुस्तक मराठीत यायला हवं, आणि ज्याला स्वाहिली येते अशा कोणीतरी ते आणावं.

माझ्या पुस्तकाविषयी दोन शब्द. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. जेकबला घराघरांत कोण ओळखत होतं, शरणपुरात तो मराठी बोलायचा का, गोदावरीत पोहायचा का, असले प्रश्न मला रात्री पडतात, पण त्यांची उत्तरं मी रचलेली नाहीत. जिथे कागद बोलतो तिथे मी बोललो आहे. नावांचे उच्चार शक्य तितके त्या-त्या लोकांच्या तोंडी जसे आहेत तसे ठेवले. ‘नेटिव्ह’, ‘बॉय’ हे शब्द मूळ कागदांत सतत येतात. मी ‘तरुण’, ‘माणसं’, ‘तांडा’ असं लिहिलं आहे. पहिल्या नवांना मात्र ‘मुलं’ म्हटलं, कारण शाळेतून निघताना ती मुलंच होती.

जेकबने लेख कोरलेलं झाड पुढे किडीने पोखरलं. १८९९ मध्ये ते पाडलं आणि लेख असलेला खोडाचा तुकडा लंडनला नेला. जिऑग्राफिकल सोसायटीत तो जपून ठेवलेला आहे. म्हणजे ती तीन नावंही शेवटी समुद्र ओलांडून गेली, त्याच शहरात, शिळेपासून फार लांब नाही.

अर्पणपत्रिकेत काय लिहावं यावर मी बरेच दिवस अडलो होतो. आता पान उलटल्यावर वाचकाला ती दिसेल. जेकबने कोरली तशी, त्याच क्रमाने, याझुझा, म्नियासेरे, व्चोपेरे. आणि त्याखाली, त्याच टायपात, त्याने न कोरलेलं चौथं: जेकब वेनराइट, शरणपूर, नाशिक.

चांदवड